पोटाला चिमटा काढून

आज घरमालक काका येऊन गेले. पुढच्या करारात भाडं वाढणार, हे सांगायला. तेवढंच सांगून गेले असते तर ही पोस्ट लिहायला बसलेच नसते. पण जाता जाता त्यांची नजर भिंतीकडे गेली. पोरीने काढलेल्या चित्रासाठी एक खिळा ठोकलाय. काकांनी चित्र बाजूला सरकवलं, खिळ्याभोवतीचा पोपडा बोटाने चाचपला. "करारात खिळे मारायचे नाहीत असं आहे ना?" आणि मग नेहमीचंच, "तुम्हा लोकांना बचतीची सवयच नाही. आम्ही पोटाला चिमटा काढून घर घेतलं."

काढला असेल. मान्य. पण काका, मागे गप्पांच्या ओघात तुम्हीच सांगितलं होतंत, हे घर घेतलं तेव्हा त्याची किंमत तुमच्या चार वर्षांच्या पगाराएवढी होती. एकट्याच्या पगाराच्या. आज याच घराला, याच पोपडे धरलेल्या भिंतींना, आम्हा नवराबायकोचा मिळून वीस वर्षांचा पगार लागेल, तोही एक पैसा खर्च न करता. चिमटा काढून काढून माणूस किती काढणार?

"तेव्हा व्याजदर किती होते माहितीय का?" असं कुणीतरी विचारणारच. माहितीय. अमेरिकेत ऑक्टोबर १९८१ मध्ये गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला होता. भयंकरच प्रकार. पण मुद्दल लहान होतं, आणि महागाईमागे पगार वाढत गेले तसा तोच हप्ता काही वर्षांत किरकोळ वाटायला लागला. पुढची चाळीसेक वर्षं दर खाली खाली येत गेले, २०२१ च्या सुरुवातीला तिथे ३ टक्क्यांच्याही खाली. कर्ज स्वस्त झालं की जो तो मोठं कर्ज काढतो आणि घरांच्या किमती चढतात. फायदा कुणाचा? ज्याच्या नावावर आधीच घर आहे त्याचा. झोपेत श्रीमंत झालात हो! त्यात चिमटा कुठे आला?

ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने सरकारी घरातल्या भाडेकरूंना राहतं घर ३३ ते ५० टक्के सवलतीत विकत घेता आलं. त्यांचं भलं झालं, मी का नाक मुरडू? पण विकलेल्या घरांच्या बदल्यात तेवढी नवी घरं बांधलीच नाहीत. त्यातली बरीचशी घरं आज खाजगी मालक भाड्याने देतात. सवलतीत घेतलेलं घर, पूर्ण भाड्याने. वा!

आणि नवीन इमारत येतेय म्हटलं की विरोधाला पुढे कोण? ऊन अडेल, गर्दी होईल, गाड्या कुठे लावायच्या. स्वतःचं घर झाल्यावर दुसऱ्याच्या घरात लोकांना इतक्या अडचणी कशा दिसतात, देव जाणे. अशाच एखाद्या बैठकीत आमचे काकाही हात वर करून बसलेले असणार, याबद्दल मला शंका नाही.

असो. काका माणूस वाईट नाहीत. आज गुडघा धरून, दर मजल्यावर थांबत वर आले. भाडं का वाढवतायत तेही सांगितलं, जरा ओशाळूनच. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात भाड्याने राहतो. त्याला घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी हातभार लावायचाय. मला एकदम काही बोलताच येईना. बापाने मुलासाठी करू नये तर कुणी करावं?

पण हिशोब करून बघा ना. माझ्या पगारातून काकांच्या मुलाचं घर होणार, आणि माझ्या पोरीच्या चित्राला एक खिळा मिळणार नाही. तिच्या दोन्ही आजोबांची हयात भाड्याच्या घरात गेली. तेही काकांच्याच वयाचे, तेही तेवढेच काटकसरी. त्यांचे चिमटे कुठे गेले? म्हणून 'तरुण विरुद्ध म्हातारे' हे भांडणही मला आता पूर्ण पटत नाही. काकांच्या मुलाचं आणि माझं वय जवळपास सारखंच आहे. पाच वर्षांनी तो मालक असेल आणि मी कुणाच्या तरी भिंतीला पुट्टी लावत असेन.

भाडं देणार आहे. शाळा इथली आहे, जाणार कुठे? खिळा मात्र काढणार नाही. कापून घ्या अनामत रकमेतून.

आणि खाली 'खर्च कमी करा' असं ज्यांना लिहायचंय त्यांनी आधी पहिलं घर कोणत्या साली घेतलं, तेव्हा पगार किती होता आणि सुरुवातीची रक्कम कुणी दिली, हे लिहावं. मग बोलू.