कीपिंग सोडू का म्हणे

काल रात्री ताईचा फोन. भाचा क्रिकेटच्या अंडर फोर्टीन टीममध्ये विकेटकीपिंग करतो, तर कोच म्हणाले टीममध्ये आधीच एक कीपर आहे, ह्याला सांगा ग्लोव्हज बाजूला ठेव आणि बॅटिंगवरच लक्ष दे. ताई विचारतेय काय करू. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, ताई वाचेलच.

आता कोच चूक आहेत असं नाही. बॅट्समन सहा-सात खेळतात, बॉलर चार-पाच, कीपर मात्र एकच. आधीचा कीपर जखमी होईपर्यंत नाहीतर रिटायर होईपर्यंत तुम्ही आपले ड्रिंक्स घेऊन पळायचं. आपल्या चंद्रकांत पंडितचंच बघा ना. मुंबईचा कीपर, हातात बॅटिंगही होती, पण नेमका त्याच काळात बडोद्याचा किरण मोरे. आणि मोरे साधासुधा नव्हता हो, 1988 च्या चेन्नई टेस्टमध्ये हिरवाणीने 16 विकेट काढल्या हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच मॅचमध्ये मोरेने 6 स्टंपिंग केले ते कोण सांगतं? मोरे 49 टेस्ट खेळला, पंडित 5.

पण त्या 5 मिळाल्या कशा? 1986 ला हेडिंग्लीला पंडितचं पदार्पण झालं ते बॅट्समन म्हणून, स्टंपच्या मागे मोरेच होता. 1987 च्या वर्ल्डकपची वानखेडेवरची सेमी, ती इंग्लंडच्या गूचने स्वीप मारमारून आपली वाट लावली तीच, त्यात वेंगसरकर नव्हता म्हणून पंडित खेळला, तेही बॅट्समन म्हणूनच. म्हणजे बॅटिंग होती म्हणून दार थोडंतरी उघडलं. कोचचा मुद्दा इथपर्यंत मान्य.

पण मग समीर दिघे आठवतो. वर्षानुवर्षं मुंबईकडून कीपिंग केली आणि टेस्ट कॅप मिळाली ती बत्तिसाव्या वर्षी, 2001, चेन्नई, समोर ऑस्ट्रेलिया. 155 चं टार्गेट, विकेट पडतायत, टीव्हीसमोर आमच्या घरात कोणी जागा बदलायला तयार नाही, आणि हा पठ्ठ्या नाबाद 22, शेवटी हरभजनने विनिंग रन काढले. 22 रन बघायला काहीच नाहीत, पण ती सिरीज आपण त्याच्यामुळेपण जिंकलो. एकूण टेस्ट किती? 6. उलट पार्थिव पटेल सतराव्या वर्षी नॉटिंगहॅमला टेस्ट खेळला, आणि पुढे धोनी आल्यावर त्याला मध्ये आठ वर्षं टेस्ट नाही. म्हणजे लवकर आलात तरी रांग, उशिरा आलात तरी रांग.

तरी माझं मत, ग्लोव्हज सोडू नये. दिवसाच्या 90 ओव्हर म्हणजे 540 वेळा खाली बसून उठायचं, बोटांना टेप, आणि सुटलेला एक कॅच लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात, हे सगळं खरंय. पण मॅच सगळ्यात जवळून दिसते ती कीपरलाच. पंडितने पुढे कोच म्हणून जे केलं ते मला तरी त्या जागेवरूनच आलेलं वाटतं. आधी मुंबई, मग विदर्भाला लागोपाठ दोन रणजी, आणि 2022 ला मध्य प्रदेश, तेही फायनलला आपल्याच मुंबईला हरवून (राग आलेला, खोटं कशाला बोलू). ग्राउंड चिन्नास्वामी, जिथे 1999 ला तो स्वतः मध्य प्रदेशचा कॅप्टन असताना फायनल हरला होता. जिंकल्यावर म्हातारा लहान पोरासारखा रडला.

तर ताई, कोचना सांग दोन्ही करेल. नेटमध्ये अर्धा तास जास्त थांबेल, पण ग्लोव्हज बॅगेत राहतील. आणि ते ग्लोव्हजच्या आत घालायचे इनर मशीनमध्ये टाकू नकोस गं, मागच्या वेळी वाळून पापडासारखे कडक झाले होते.