थुंकीच्या ग्लासात कॅन्डिडा दिसत नसतो

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय, सकाळी उठल्याउठल्या ग्लासभर पाण्यात थुंका, धागे खाली लोंबले की समजा पोटात कॅन्डिडा माजलाय, मग इडली-डोसा, ब्रेड, साखर सगळं बंद, कारण ही बुरशी म्हणे आपल्या इम्युनिटीला दिसतच नाही. लोक खरंच जेवण तोडायला लागलेत म्हणून लिहितेय.

आधी ग्लास. लाळेत म्युसिन नावाची चिकट प्रोटीनं असतात, रात्रभरात लाळ घट्ट होते, तिच्या पाण्यात तारा सुटणारच. आणि समजा कॅन्डिडा सापडला तरी काय? कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात तो मुकाट राहतोच, तेवढ्यावरून आजार ठरत नाही.

इम्युनिटीला दिसत नाही, हे वाक्य जास्त फसवं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. कॅन्डिडा अल्बिकन्सच्या (या बुरशीची नेहमी आढळणारी जात) पेशीभित्तीत आतल्या बाजूला कायटिन आणि बीटा-ग्लुकान या साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि बाहेरून मॅनन या दुसऱ्या साखळीने लगडलेल्या प्रोटीन्सचा थर, आपल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ रिसेप्टर (ओळख पटवणारं प्रोटीन) बीटा-ग्लुकान ओळखतो (हे २००१ मध्येच कळलंय) आणि मॅननमुळे ते बरंचसं झाकलं जातं, इथपर्यंत बरोबर. पण पूर्ण झाकलं जात नाही! नवी पेशी सुटते तिथल्या व्रणापाशी ते उघडं पडतं, शिवाय खुद्द मॅनन ओळखणारे रिसेप्टर आपल्याकडे वेगळे आहेत. २००९ मध्ये एका कुटुंबात डेक्टिन-१च्या जनुकातला बिघाड सापडला, त्या बायकांना योनीमार्गाचं यीस्ट (म्हणजे कॅन्डिडाचं) इन्फेक्शन सारखं उलटायचं. म्हणजे ही ओळख रोज चालू असते आणि कामाचीही असते.

त्रास सुरू होतो तो कॅन्डिडाची गोल पेशी लांब तंतू काढते तेव्हा. तंतूवरचं एएलएस३ प्रोटीन आपल्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला (पेशी एकमेकींना जोडून ठेवणारं प्रोटीन) धरतं आणि आपलीच पेशी त्याला आत ओढून घेते, वर तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात, ते २०१६ मध्ये सापडलं. याला वाव मिळतो तो डायबेटिस हाताबाहेर गेला, अँटिबायोटिक्स लांबली, केमो चालू असली, किंवा दम्याचा स्टेरॉइडवाला पंप घेऊन चूळ भरली नाही की.

इडलीचं पीठ मुख्यतः लॅक्टिक बॅक्टेरिया फुगवतात, ब्रेडचं यीस्ट वेगळ्याच जातीचं आणि भट्टीत मरतं. डायबेटिस असेल तर साखर सांभाळाच, पण ती रक्तातल्या शुगरसाठी.

जिभेवर पांढरे थर आलेत, पुसले की खाली लालभडक दिसतंय, गिळताना दुखतंय, तर डॉक्टरांना दाखवा, तो थर खरवडून मायक्रोस्कोपखाली बघता येतो, आणि त्याच फेरीत शुगरही तपासून घ्या.