वय अंदाजे १९

२०१७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. एक बाई शाळेत निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या मुलाच्या नोंदीची नक्कल, मागायला आली. मुलगा सातवीनंतर शाळा सोडून गेलेला. "कशाला हवाय, ताई?" म्हटलं तर "वकील बोललेत" एवढंच. दुसऱ्या खेपेला खरं सांगितलं. पोरगं मोठ्यांच्या जेलात आहे, पोलिसांनी कागदावर वय एकोणीस लिहिलंय. "मिशी फुटलीय ना गुरुजी, म्हणून."

जनरल रजिस्टर काढलं. जन्मतारीख १ जून २००१. म्हणजे सोळा वर्षं, चार महिने.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात याबाबत काही धूसर नाही. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचंच नाही. वयाचा वाद असेल तर आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. (कुणीतरी कमेंटमध्ये 'सोळावर आता मोठ्यांसारखाच खटला चालतो' म्हणेलच. अतिगंभीर गुन्ह्यात चालू शकतो. पण तेव्हाही एकवीस पूर्ण होईपर्यंत तुरुंगात पाठवता येत नाही.) प्रत्यक्षात अटकेच्या वेळी कुणीतरी तोंडाकडे बघतं आणि 'अंदाजे १९' लिहून मोकळं होतं. पुढे तोच आकडा कोर्टात, तोच तुरुंगाच्या नोंदवहीत. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत जाऊन मुलं शोधायला सांगितलं, त्यालाही १९८६ पासून किती वर्षं झाली बघा! आयप्रोबोनो या संस्थेने माहिती अधिकारातून आकडे मिळवले, तर २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत मोठ्यांच्या तुरुंगांत किमान ९,६८१ मुलं आढळली.

आणि तुरुंग तरी कसले? मुंबईच्या आर्थर रोडची मंजूर क्षमता कित्येक वर्षं ८०४ होती, आत माणसं तीन हजारांच्या वर. जिथे कूस बदलायला शेजाऱ्याला उठवावं लागतं, तिथे सोळा वर्षांच्या पोराला झोपायला जागा कोण देणार आणि त्या बदल्यात काय मागणार, हे मी लिहायला नको.

पुण्यात १९९४ च्या ऑगस्टमध्ये पौड रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये सात जणांचे खून झाले. जुन्या पुणेकरांना आठवत असेल. त्यातल्या एका आरोपीचं वय खटल्यात वीसच्या आसपास धरलं गेलं. १९९८ मध्ये फाशी सुनावली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. मग राजस्थानातल्या शाळेचं रजिस्टर समोर आलं. १ फेब्रुवारी १९८२. गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षं! मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला सोडलं, तोवर अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. कायद्याने जास्तीत जास्त तीन होऊ शकत होती. सात खून करणाऱ्याचा कळवळा नकोच, ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर माझीही मान खाली जाते. पण तपास, खटला, फाशी, अपिलं एवढं सगळं झालं आणि कुणी शाळेत पत्र टाकलं नाही?

आता आमचंही सांगतो. त्या बाईच्या मुलाच्या नोंदीतलं अक्षर माझंच होतं. महाराष्ट्रात १ जूनला इतकी माणसं का जन्मली, हे प्रत्येक गुरुजीला माहीत आहे. माझी स्वतःची तारीखही तीच. मुलाला पहिलीत घालताना ती बाई म्हणाली होती, "पावसाच्या तोंडाला झालाय." मी १ जून टाकली. साल तरी बरोबर धरलं होतं का, छातीठोक सांगता येणार नाही. म्हणजे अंदाज मीही केला, पोलिसांनीही केला. फरक इतकाच की मी केला तेव्हा कुणाला आत टाकायचं नव्हतं. उसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर वाढलेल्या ज्या पोरांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, त्यांच्या वाट्याला हाडांची तपासणी. तिच्यात दोन वर्षं इकडेतिकडे होतात. सोळाचा अठरा व्हायला तेवढं पुरतं.

उतारा लिहून दिला. बाईने तो उजेडात धरून शिक्का नीट उठलाय का पाहिलं, दुमडून प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

पोरगं तिथून बाहेर निघायला त्यानंतरही चार महिने गेले. आता ट्रॅक्टर चालवतो. रस्त्यात समोर आला तरी बोलत नाही.