‘आपल्याकडं लपवायला काय आहे?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडं फिरायलाय. गावच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, शाळेतल्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर. लांबलचक आहे, पण मुद्दे एवढेच: ज्याच्या मनात पाप नाही त्यानं भ्यायचं काय कारण, आपल्यासारख्या साध्या माणसाच्या माहितीला कोण विचारतंय, प्रायव्हसी हे पुण्या-मुंबईच्या श्रीमंतांचं खूळ, कंपन्या एवढं सगळं फुकट देतात, नको असेल तर वापरू नका, आता कायदा पण आलाय, आणि शेवटी, सगळी माहिती कधीच गेलेली आहे, आता रडून काय उपयोग. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘पटलं तर पुढं पाठवा’. मला पटलं नाही म्हणून हे लिहायलोय.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण आपल्या भागात तोच सगळ्यात खोटा आहे. साध्या माणसाच्या माहितीला कोण विचारतंय? अहो, पीक विम्याचं काय झालं ते आठवा ना. २०२३ च्या खरिपापासून १ रुपयात विमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये ती १ रुपयाची सोय बंद झाली, आणि त्यामागं बोगस अर्जांचा बोभाटा होता. बीड, परभणीची नावं तर पार मुंबईपर्यंत गाजली. सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, दुसऱ्याच्याच शेतावर विमा. जमिनीची माहिती कुठून आणायची हा प्रश्नच नाही, सातबारा महाभूलेखवर कोणीही बघू शकतो, गट नंबर टाकला की नाव आणि क्षेत्र समोर. राहिलं आधार आणि पासबुक, तर त्याच्या झेरॉक्सा आपण स्वतःच वाटत फिरतो, सोसायटीत द्या, बँकेत द्या, सिमकार्डवाल्याला द्या, आणि सेवा केंद्रात घाई असली की व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून मोकळे, तो फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडमध्ये किती वर्षं पडून राहतो आणि तिथं कोण कोण बसतंय हे कोणी विचारलंय का आजवर?

नांदेडच्या हदगाव तालुक्यातलं २०२४ चं प्रकरण तर पेपरात आलेलं आहे. पुरुषांची आधार आणि पासबुकं वापरून लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले. त्या माणसांनी भलत्याच कामासाठी कागद दिले होते. आता सांगा, त्यांच्याकडं लपवायला काय होतं? काहीच नाही! तरी चौकशीत नाव त्यांचंच येणार ना, खातं त्यांचं, आधार त्यांचं.

म्हणजे पहिल्या मुद्द्याचं पण उत्तर इथंच झालं. भीती आपल्या पापाची नसतेच, आपल्या नावावर दुसऱ्यानं केलेल्या पापाची असते. आपण घराला कुलूप लावतो ते काय आत गांजा ठेवलाय म्हणून लावतो का? आणि ठशांचं तर आणखी अवघड आहे. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विकणाऱ्यानं जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून त्याचे रबरी ठसे बनवले होते आणि त्यावर सिमकार्डं ॲक्टिव्हेट केली होती. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा काय बदलणार आहे माणूस?

कर्ज देणाऱ्या ॲपांचं सांगतो, मग पुढं जातो. हप्ता एक दिवस चुकला की ह्यांचे फोन तुम्हाला येत नाहीत, तुमच्या मेव्हण्याला येतात, सरांना येतात, ज्या मुलीचं लग्न ठरायलंय तिच्या सासरी येतात. कारण ॲप टाकताना सगळे कॉन्टॅक्ट घेतलेले असतात. ह्यात मेव्हण्यानं कुठं ‘मान्य आहे’ दाबलं होतं? म्हणून रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढला की कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो-फाइली ह्यांना हातच लावायचा नाही, कॅमेरा आणि लोकेशन फक्त केवायसीपुरतं, ते पण विचारून. तुमच्या ॲपनं कॉन्टॅक्ट मागितले तर तिथंच समजा की काय माल आहे.

श्रीमंतांचं खूळ. हा मुद्दा फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही बरं का. सुप्रीम कोर्टात आधारवरून चाललेल्या पुट्टस्वामी प्रकरणात सरकारी बाजूनं प्रायव्हसीला मूलभूत हक्क मानायलाच विरोध होता, आणि गरिबाला आधी पोटाचं बघायचं असतं ह्या थाटाचा युक्तिवाद तिथं झालाच. ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि गरिबाला फक्त पैशाअडक्याशी मतलब, हक्कांशी नाही, हे म्हणणं साफ खोडून काढलं. आणि साधं बघा ना, श्रीमंताला आधारची झेरॉक्स घेऊन चार ठिकाणी उभं राहावं लागतं का? अंगठा लागत नाही म्हणून रेशन दुकानावरून कोणाची म्हातारी परत जाते? फार्मर आयडी कोणाला काढावा लागतो? जेवढा माणूस योजनांवर अवलंबून तेवढी त्याची माहिती जास्त टेबलांवरून फिरते. लातुरात शिकणाऱ्या पोराच्या बापाला विचारा, नीटचा निकाल लागायच्या आधीच ‘एमबीबीएसला बाहेरच्या देशात पाठवायचं का सर’ म्हणून फोन यायलेत, पोराचं नाव घेऊन, कधीकधी मार्कांसकट. नंबर कोणी दिला? कोणीच नाही दिला म्हणे.

फुकटचं म्हणाल तर २०२० मध्ये फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी घातले, ९.९९ टक्के हिश्श्यासाठी, त्याच वर्षी गुगलनं ३३,७३७ कोटी. एवढा पैसा कोणी धर्मादाय म्हणून घालत नसतंय. आणि ‘नको असेल तर वापरू नका’ हे तर निस्तं बोलायला सोपं. शाळेची सूचना व्हॉट्सॲपवर, ग्रामपंचायतीचं पाणी कधी येणार ते व्हॉट्सॲपवर, मोंढ्यातला सोयाबीनचा भाव व्हॉट्सॲपवर, मयताचा निरोपसुद्धा व्हॉट्सॲपवर. सोडून जायचं कुठं? जानेवारी २०२१ ला व्हॉट्सॲपनं आपल्या माहितीबद्दलची नवीन पॉलिसी आणली तेव्हा हेच म्हणणं होतं, मान्य करा नाहीतर ॲप सोडा. ह्याच ‘घ्या नाहीतर चालते व्हा’ प्रकारासाठी कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड लावला, आणि अपिलात पण तो दंड कायम राहिला. म्हणजे ज्याला फॉरवर्डवाला चॉइस म्हणायलाय त्याला आयोगानंच चॉइस मानलेलं नाही.

दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागतात ते पण तसंच. नंबराशिवाय बिलच निघत नाही म्हणतात. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरासाठी अडवू नका. काउंटरवरच्या पोराशी भांडू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं. निस्तं ‘नंबर देत नाही, बिल काढ’ म्हणा आणि उभे राहा, निघतं बिल.

आता कायदा. हा मुद्दा वाचून मला खरा राग आला, कारण ज्यानं लिहिलं त्यानं कायदा उघडून सुद्धा बघितलेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा हा कायदा संसदेत पास झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्या पाळायला तिथून पुढं १८ महिन्यांची मुदत. दंड २५० कोटींपर्यंत आहे, ऐकायला भारी वाटतं, पण तो पैसा सरकारच्या तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला छदाम नाही. जुन्या आयटी कायद्यात ४३-ए कलम होतं, त्याखाली भरपाई मागता यायची, ह्या कायद्यानं ते कलमच काढून टाकायचं ठरवलंय. उलट आपण खोटी किंवा उगंच तक्रार केली असं ठरलं तर आपल्यालाच १०,००० पर्यंत दंड. सरकार स्वतःच्या खात्यांना ह्यातून सूट देऊ शकतं ते वेगळंच.

आणि गंमत बघा. कंपन्यांना १८ महिने, पण ह्याच कायद्यातून माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं ते मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू! आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असं तरी अधिकाऱ्याला दाखवावं लागायचं. आता ‘वैयक्तिक आहे’ म्हटलं की झालं. जनहितासाठी माहिती द्यायची वाट ८(२) मध्ये अजून आहे, पण ती उघडायची की नाही ते त्याच साहेबांनी ठरवायचं. म्हणजे माझ्या गावात कोणाच्या जमिनीवर कोणी विमा उचलला, रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाची नावं आहेत हे मी विचारायला गेलो तर मला प्रायव्हसी दाखवणार, आणि माझा नंबर, माझं आधार गावभर. ‘लपवायला काय आहे’ हा प्रश्न तिकडं का कोणी विचारत नाही?

राहिला शेवटचा मुद्दा, की सगळं आधीच गेलंय. बरंच गेलंय, खरंय. पण गेलेल्या झेरॉक्सवर नवीन व्यवहार होऊ न देणं अजून आपल्या हातात आहे. जिथं चालतंय तिथं मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि तारीख, अक्षर छपाईवरून गेलं पाहिजे. सेवा केंद्रात काम झालं की पाठवलेला फोटो समोर बसून डिलीट करायला लावा, वाईट वाटू द्या त्याला. आणि एमआधार ॲपवर किंवा आधारच्या साइटवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे रबरी अंगठा कोणी आणला तरी चालणार नाही. फक्त रेशन आणायला जाताना आठवणीनं तात्पुरतं अनलॉक करा, घरच्या म्हातारीचं लॉक केलं असेल तर तिला पण सांगून ठेवा, नाहीतर मशीनवर अंगठा लागणार नाही आणि हेलपाटा तिला पडेल.