जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल: माझ्याच फॉरवर्डबद्दल खुलासा

"ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल लाखभर किलोमीटर बदललं नसेल तर आता हात लावू नका, नवं टाकलं की गिअरबॉक्स बसतो." हा मेसेज मीही पुढे पाठवला होता. नंतर गाडीचं मॅन्युअल वाचलं, गिअरबॉक्स उघडणाऱ्या मेकॅनिककडे बसून समजून घेतलं. मेसेज चुकीचा आहे.

बहुतेकदा घडतं ते असं: गिअर स्लिप व्हायला लागल्यावरच, म्हणजे इंजिन जोरात फिरतं पण गाडी तेवढी पळत नाही तेव्हाच, लोक ऑइल बदलतात. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट (गिअर पकडून ठेवणाऱ्या चकत्या) आधीच झिजलेल्या असतात, त्या नव्या ऑइलने भरून येत नाहीत, आणि दोष मात्र ऑइलवर येतो. जुनं ऑइल उष्णतेने काळं पडतं, त्याला जळका वास येतो. ते तसंच ठेवलं तर झीज वाढतच जाते.

गिअर नीट पडत असतील तर ऑइल जरूर बदला. प्रेशरने फ्लश (मशीनने जोरात ऑइल ढकलून साफ करणं) नको, साधं ड्रेन करून, म्हणजे जुनं खालून काढून, नवं भरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) बरंच जुनं ऑइल उरतं, म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा करा. ग्रेड मॅन्युअलमधलाच हवा. सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल वेगळं असतं. गिअर आधीच स्लिप होत असेल तर आधी तपासणी.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर डिलीट करा.