तर्कशास्त्राच्या पेपरातील सर्वांत कमी गुणांचा प्रश्न

नोकरीत बरीच वर्षे काढल्यानंतर मी कला शाखेच्या प्रथम वर्षाचा तर्कशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. ओळखीचे लोक तेव्हापासून दोन प्रश्न विचारतात. आता वाद जिंकता येतात का, हा पहिला. आणि विचार अधिक काटेकोर झाला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर हा विषय कसा शिकवला जातो यावर अवलंबून आहे, आणि तो ज्या रीतीने शिकवला जातो तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी या विषयाचे खरे देणे काय आहे ते सांगतो. युक्तिवाद युक्त असणे, म्हणजे दिलेल्या आधारांवरून निष्कर्ष खरोखर निघणे, आणि त्यातील विधाने सत्य असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे पहिल्या काही तासांतच शिकवले जाते. पुण्याचे सर्व रहिवासी महाराष्ट्राचे रहिवासी आहेत. अमुक बाई महाराष्ट्राच्या रहिवासी आहेत. म्हणून त्या पुण्याच्या रहिवासी आहेत, हा युक्तिवाद फळ्यावर लिहिल्याबरोबर सगळा वर्ग हसतो. त्या बाई खरोखरच पुण्यात राहत असल्या, म्हणजे तिन्ही विधाने खरी असली, तरी युक्तिवाद अयुक्तच राहतो, हेही थोड्या चर्चेनंतर पटते. पण त्याच सांगाड्यात दुसरा मजकूर भरून पाहावा. प्रामाणिक माणसे चौकशीला घाबरत नाहीत. हे गृहस्थ चौकशीला घाबरत नाहीत. म्हणून हे गृहस्थ प्रामाणिक आहेत. आता कोणी हसत नाही, उलट ते गृहस्थ आपल्या पसंतीचे असतील तर माना डोलतात. आपल्याला हवा असलेला निष्कर्ष समोर दिसला की त्याच्या आधाराची तपासणी ढिली पडते, आणि ही ढिलाई दुसऱ्यांपेक्षा आपल्या स्वतःच्या बाजूच्या बोलण्यात शोधणे अधिक कठीण असते. ‘तुमचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण तुम्ही दिलेल्या कारणावरून तो निघत नाही,’ असे आपल्याच गोटातील माणसाला म्हणता येणे ही या अभ्यासक्रमाची खरी कमाई आहे. त्याने मित्र वाढत नाहीत, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

दुसरा टप्पा ‘जर–तर’च्या सत्यता कोष्टकाचा, म्हणजे भागांच्या सत्य-असत्यतेवरून संपूर्ण विधान सत्य की असत्य ते दाखवणाऱ्या तक्त्याचा. पूर्वांग (‘जर’चा भाग) असत्य असेल तर उत्तरांग (‘तर’चा भाग) काहीही असो, संपूर्ण विधान सत्य मानायचे, या नियमापाशी बहुतेक विद्यार्थी अडतात आणि पुढे तो पाठ करून टाकतात. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ असे कोणी म्हणाले, पाऊस पडला नाही आणि खेळपट्टी खराब असल्यामुळे सामना तरीही रद्द झाला, तर बोलणारा खोटा ठरत नाही. तो खोटा ठरण्याचा प्रसंग एकच, तो म्हणजे पाऊस पडूनही सामना होणे. इतके सांगितले तर कोष्टकाच्या चारही ओळी आपोआप उलगडतात. शिवाय व्यवहारात आपण ‘जर–तर’मधून याहून जास्त अर्थ घेतो, हेही मान्य केले पाहिजे. ‘पहिला आलास तर सायकल घेऊन देईन’ हे वाक्य ऐकणारा मुलगा ‘नाही आलो तर मिळणार नाही’ हेही त्यातच ऐकतो. कोष्टक तसे ऐकत नाही. हा फरक बोलून दाखवला नाही, तर विद्यार्थ्याला एकतर कोष्टक चुकीचे वाटते किंवा आपले रोजचे बोलणे.

आता तक्रारीचा मुद्दा. 1966 साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने चार पत्त्यांचे एक कोडे मांडले. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूस इंग्रजी अक्षर आणि दुसऱ्या बाजूस अंक. समोर दिसतात ए, के, 4 आणि 7. ‘एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते’ हा नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? उत्तर ए आणि 7 असे आहे, कारण नियम मोडतो तो फक्त स्वराच्या मागे विषम संख्या निघाली तर. बहुतेक लोक एकटा ए किंवा ए आणि 4 निवडतात. बरोबर उत्तर जेमतेम दहा टक्के लोकांना येते. मात्र 1982 मध्ये अमेरिकेत हेच कोडे ‘बिअर पीत असेल तर माणूस ठरावीक वयाहून मोठा असला पाहिजे’ अशा नियमात घालून, कोणाला तपासावे लागेल असे विचारले गेले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बिअर पिणारा आणि सोळा वर्षांचा अशी अचूक निवड केली. सांगाडा तोच होता, केवळ मजकूर बदलला होता.

पुढची गोष्ट प्रत्येक तर्कशास्त्र विभागाने भिंतीवर लावावी अशी आहे. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पॅट्रिशिया चेंग आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयातील तर्कशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला बसलेल्या विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभी आणि अखेरीस अशीच कोडी दिली. सुधारणा झाली ती सरासरी तीन टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्याच संशोधनात असेही दिसले की केवळ अमूर्त नियम शिकवून फारसे काही साधत नाही आणि केवळ उदाहरणे देऊनही साधत नाही. नियम आणि तो उदाहरणाला कसा लावायचा हे दोन्ही एकत्र शिकवले, तर फरक पडतो.

न्यायदर्शनाचे, म्हणजे भारतीय परंपरेतील तर्कशास्त्राचे, वाचन थोडेफार असलेल्याला याचे आश्चर्य वाटू नये. त्यातील पंचावयवी अनुमानात प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (नियम समोरच्या गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) अशी पाच अंगे असतात आणि उदाहरण त्यांतील एक आवश्यक अंग आहे. जिथे धूर तिथे अग्नी हा नियम सांगायचा, ‘जसे स्वयंपाकघरात’ असा दाखला द्यायचा, आणि मग तो समोरच्या पर्वताला लागू करायचा. नियम उलटा फिरवून अग्नीवरून धूर सिद्ध करू पाहणाऱ्यासाठी सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात तापलेला लोखंडी गोळा ठेवलेलाच आहे: अग्नी आहे, ओल्या इंधनाचा संबंध नाही, म्हणून धूर नाही. आपल्या वर्गात हा भाग ‘भारतीय तर्कशास्त्र’ या वेगळ्या प्रकरणात येतो, पाच नावे पाठ होतात, आणि पुण्याच्या बाईंच्या युक्तिवादात झालेली गफलत व या गोळ्याने उघडी पाडलेली गफलत एकच आहे, हे कोणी जोडून दाखवत नाही.

बारावीच्या गणितातही गणिती तर्कशास्त्राचे प्रकरण आहे, पण तिथला विद्यार्थी सत्यता कोष्टकांवरून स्विचच्या मंडलांकडे वळतो आणि एखाद्या माणसाचे म्हणणे तपासण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. स्पर्धा परीक्षांतील ‘तर्कक्षमता’ तर बऱ्याच अंशी दिशा, नातेसंबंध आणि बैठकव्यवस्था यांत अडकलेली असते. ते कौशल्य उपयोगी असेल, पण ते वेगळे आहे.

म्हणून पेपरात सर्वांत कमी गुण असलेला आणि शिकवण्यात सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग, म्हणजे नेहमीच्या मराठीतील मजकूर तर्कशास्त्राच्या चिन्हांत मांडणे (चिन्हांकन), हाच अभ्यासक्रमाचा कणा व्हावा असे मला वाटते. ‘सगळे सभासद बैठकीला आले नाहीत’ असे गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात लिहिले असेल, तर एकही सभासद आला नाही की काही आले नाहीत? गणपूर्तीचा प्रश्न त्यावर ठरू शकतो. असे वाक्य दोन प्रकारे चिन्हांत मांडून दाखवणे हे वीस तयार सूत्रांची कोष्टके भरण्यापेक्षा कठीण आहे, आणि अधिक कामाचेही.

आमच्या प्राध्यापकांनी यावर घेतलेला आक्षेप रास्त होता. तयार सूत्राचे कोष्टक बरोबर असते किंवा चूक असते, त्यामुळे शेकडो उत्तरपत्रिका एकसारख्या तपासता येतात. अग्रलेखातील परिच्छेद देऊन ‘यातील निष्कर्ष कोणता, लेखकाने न सांगता गृहीत धरलेले आधारविधान कोणते’ असे विचारले, तर दोन परीक्षकांचे गुण जुळणार नाहीत. तरीही, शंभरांपैकी वीस गुणांना असा एक परिच्छेद द्यावा, एकाहून अधिक मांडण्या ग्राह्य धराव्यात, आणि गुण मांडणीच्या समर्थनाला द्यावेत, असे माझे मत आहे. परीक्षकांमध्ये तीन-चार गुणांचा फरक पडेल. भाषेच्या निबंधात तो आजही पडतो, आणि त्यावरून कोणी निबंध लिहायला लावणे बंद केलेले नाही.