विश्वास नंतर येतो, आधी खड्डा मारावा लागतो

‘आत्मविश्वास ठेव’ असं आमच्याकडे सहसा कुणी कुणाला म्हणत नाही. ‘कर रे, होईल’ म्हणतात, आणि पुष्कळदा म्हणणाराच कोयता घेऊन पुढे होतो. हल्ली मोबाईलवर भाषणांचे व्हिडिओ इतके येतात की, आधी मनात विश्वास आणायचा आणि मग कामाला हात लावायचा, हा क्रमच सगळ्यांना पाठ झालाय. मी आमच्या किनाऱ्यावर जे बघितलं ते उलटं आहे.

दापोलीकडच्या माणसाला ३ जून २०२० ही तारीख वेगळी सांगायला नको. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं, पण दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. पिढ्यांची आगरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, काही तासांत आडवी झाली. माड मोडले, आणि पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, तर विचारूच नका. तिची मुळं वरच्यावर पसरतात, एक पडली की शेजारणीला घेऊन पडते. त्यात कोरोना, म्हणजे झाडं तोडायला माणूस मिळेना. वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगायला मुंबईहून फोन करणाऱ्यांचे फोन लागत नव्हते, तेवढं एक बरं झालं.

सरकारनं बागायतीला हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर केली. ऐकायला छान. पण आमच्याकडे आगर हेक्टरात नसतं, गुंठ्यात असतं. दहा गुंठेवाल्याच्या वाट्याला त्या हिशेबानं पाच हजार. पडलेली झाडं ओढून बाहेर काढायची मजुरीही त्यात भागत नाही. आणि नवीन लावायचं म्हटलं तर पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. साठीतल्या माणसानं हा हिशेब कागदावर मांडला तर तो रोप आणायला जाणारच नाही. काहीजण गेलेही नाहीत, जमीन विकून मोकळे झाले. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांचं गणित बरोबरच होतं.

शेजारच्या काकींनी मात्र रोपं लावली. गुडघे धरलेले, मुलगा विरारला. वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. त्यानंतर एवढंच केलं की विहिरीपर्यंतची वाट मोकळी केली, कारण घरात पाणी नव्हतं. पुढचं सगळं त्या वाटेवरून झालं. पोफळीचं रोप उघड्यावर उन्हानं करपतं, आणि सावली धरायला झाड उरलं नव्हतं. म्हणून आधी केळी लावली, पडलेल्या माडांच्याच झावळ्यांचे झाप विणून आडोसे केले, आणि मग रोपं. मी विचारलं, “काकी, एवढी वर्षं थांबणार?” तर म्हणाल्या, “रिकाम्या आगरात रान माजतं रे. तण बेणायचं आहेच, तर रोपाभोवती बेणते.”

यात आत्मविश्वास कुठे होता? मला तरी दिसला नाही. पुढच्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं, झाप उडाले, पण रोपं बुटकी म्हणून वाचली. तेव्हापासून काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला खड्डा केवढा मारायचा ते शिकवायला लागल्या. आत्मविश्वास दिसला तो तेव्हा! आता त्या पोफळी धरल्यात, आणि काकींचं व्यापाऱ्याशी दरावरून भांडण चालू आहे.

राहिली श्रद्धा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. घालणारा अडचण नाव घेऊन मोठ्यानं सांगतो आणि भोवतीची मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणतात. देव ऐकतो की नाही यावर मी वाद घालणार नाही. गाव ऐकतं, हे नक्की. कर्ज झालं, नोकरी गेली, की माणसं घरात कोंडून घेतात, लग्नकार्यालासुद्धा जात नाहीत. त्यांची अडचण एकदा चारचौघांत बोलली गेली की निम्मी लाज तिथेच गळून पडते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येतो, निदान विचारपूस करायला. मला ही श्रद्धा पटते. पण पोराला दवाखान्यात न्यायचं की नाही यासाठी देवाला कौल लावणारेही आहेत. त्यांना मी तोंडावर बोलतो आणि त्याबद्दल शिव्याही खातो.

हे सगळं आठवायचं कारण, परवा वाडीतल्या एका पोरानं विचारलं, “दादा, होमस्टे काढायचाय, कर्ज घेऊ का? आत्मविश्वासच येत नाही.” त्याला म्हटलं, कर्ज राहू दे. घरातली एक खोली रंगवून घे, संडास नीट कर आणि दिवाळीत एक कुटुंब ठेवून बघ. धंदा जमेल की नाही ते मला सांगता येणार नाही, पण पाहुणा कशावरून कुरकुरतो ते तरी कळेल. तर म्हणतो, “संडासाचंच काम अडलंय, गवंडी मिळत नाही.”

गवंड्याचा नंबर दिलाय.